दर दहा मिनिटांनी एक मेसेज, मग डॅशबोर्ड शून्य का दाखवतो?

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. नवीन फोन नाही, नवीन एआय मॉडेल नाही. विषय असा की, एखादं यंत्र तासाला फक्त सहा मेसेज पाठवत असेल, तर त्याचा 'मेसेजचा वेग' नेमका मोजायचा कसा? वाचायला हे शाळेतल्या गणितासारखं वाटेल. पण हे गणित मी एकदा चुकवलं आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो आणि मग आतली यंत्रणा समजावून घेऊ.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे बल्क कूलर असतात, त्यांच्यावर आम्ही तापमान मोजणारी पेटी बसवायचो. पेटीत एक सेन्सर, एक सिमकार्ड आणि छोटी बॅटरी. दर दहा मिनिटांनी पेटी एक मेसेज पाठवायची: कूलर नंबर अमुक, तापमान तमुक. अशा साधारण १४० पेट्या होत्या. सर्व्हर, डॅशबोर्ड आणि अलर्टचे नियम हे काम माझ्याकडे.

मे महिन्यातली रात्र. एका केंद्रावर संध्याकाळचं संकलन संपलं, कोमट दूध कूलरमध्ये पडलं आणि नऊच्या सुमारास लाईट गेली. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, तो झाला नाही. पेटीची बॅटरी खराब होती, त्यामुळे पेटीही बंद पडली. म्हणजे तापमान वाढल्याचा मेसेज पाठवायला कुणी उरलंच नाही. मेसेज येणं थांबलं, हीच काय ती खूण होती. माझ्या सिस्टीमने त्या खुणेचा अलर्ट पाठवला रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी. तीन तास उशिरा. माणूस पोचून जनरेटर चालू करेपर्यंत उशीर झाला होता. सकाळी टँकरवाल्याने दूध तपासलं आणि सुमारे नऊशे लिटर दूध नाकारलं.

केंद्रावरच्या दादांचा फोन आला. चिडले नव्हते. एवढंच विचारलं, "साहेब, तुमचं यंत्र रात्री काय करत होतं?"

यंत्र बिचारं बंद होतं. प्रश्न खरा माझ्या नियमाचा होता. तो नियम असा का होता, ते समजायचं तर आधी वेग मोजण्याच्या पद्धती बघायला लागतील.

घरातल्या मीटरपासून सुरुवात करू

तुमच्या घराच्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर बारीक अक्षरात ३२०० इम्प असं काहीतरी लिहिलेलं असतं (तुमच्याकडे १६०० किंवा दुसरा आकडा असू शकेल). त्याचा अर्थ, एक युनिट वीज वापरली की दिवा ३२०० वेळा लुकलुकणार.

आता समजा, सध्या घरात किती वॅटचा लोड चालू आहे ते तुम्हाला दिव्यावरून काढायचंय. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: घड्याळ लावून दहा सेकंदांत किती वेळा लुकलुकला ते मोजा. दोन हजार वॅटचा गीझर चालू असेल तर तासाला ६४०० वेळा, म्हणजे दहा सेकंदांत जवळपास १८ वेळा लुकलुकेल. कधी १७ मोजाल, कधी १८. पाच-सहा टक्क्यांची चूक, चालून जाईल.

आता गीझर बंद करा. फक्त शंभर वॅटचा लोड ठेवा. दिवा आता ११.२५ सेकंदांनी एकदा लुकलुकतो. तुमच्या दहा सेकंदांत तो एकदा दिसेल किंवा अजिबात दिसणार नाही. एकदा दिसला तर उत्तर येतं ११२ वॅट, नाही दिसला तर शून्य वॅट. शून्य! आणि घरात पंखा तर चालू आहे.

दुसरा रस्ता: एकदा लुकलुकला की स्टॉपवॉच चालू, पुन्हा लुकलुकला की बंद. ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, झाले वॅट. ११.२५ सेकंद असतील तर बरोबर १०० वॅट. लोड जितका कमी तितकं अंतर मोठं आणि तितकं मोजमाप अधिक अचूक.

मला वाटतं सगळा विषय ह्या दोन रस्त्यांत आहे. पहिला रस्ता म्हणजे ठरलेल्या वेळेत मेसेज मोजणं. दुसरा म्हणजे दोन मेसेजमधलं अंतर मोजणं. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये फ्रिक्वेन्सी काउंटर वापरला असेल तर हे तुम्हाला माहीतच असणार. जास्त फ्रिक्वेन्सीला सायकल मोजतात, कमी फ्रिक्वेन्सीला कालावधी मोजून त्याचा व्यस्त घेतात. हार्डवेअरवाल्यांनी हे कधीच पचवलंय. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण अजून सगळीकडे पहिलाच रस्ता धरतो, कारण आपली टूल्स जन्माला आली ती सेकंदाला हजारो रिक्वेस्ट घेणाऱ्या सर्व्हरसाठी.

०.२० आणि ०.०० चा खेळ

रॅबिटएमक्यू वापरलं असेल त्यांनी हे नक्की पाहिलेलं असतं. त्याच्या मॅनेजमेंट स्क्रीनवर प्रत्येक क्यूसमोर 'सेकंदाला इतके' असा वेग दिसतो. आकडे गोळा करायचा मुळातला कालावधी पाच सेकंदांचा, आणि दिसणारा वेग शेवटच्या टप्प्यात गणना किती बदलली त्यावरून काढलेला. आता मिनिटाला एक मेसेज येणारी क्यू घ्या. ज्या पाच सेकंदांत मेसेज आला तेव्हा वेग ०.२० दिसणार. उरलेली पंचावन्न सेकंदं ०.०० दिसणार. खरा वेग आहे सेकंदाला ०.०१६७, आणि तो त्या स्क्रीनवर एकदाही दिसत नाही.

आमच्या पेटीचं तर आणखी अवघड. दहा मिनिटांनी एक म्हणजे सेकंदाला ०.००१७. डॅशबोर्ड दोनच दशांश स्थळं दाखवत असेल, तर गणित अगदी बरोबर करूनही आकडा ०.०० च छापला जाणार. म्हणून पहिला आणि फुकटचा उपाय: हळू यंत्रांसाठी एकक बदला. 'सेकंदाला' ऐवजी 'तासाला' लिहा. तासाला ६ हे माणसाला कळतं. ०.००१७ कुणालाच कळत नाही, आणि ते अर्ध्यावर आलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गंमत बघा. १४० पेट्यांचा मिळून वेग मोजला तर तो सेकंदाला ०.२३३ येतो. छान, स्थिर रेष. त्यातली एक पेटी मेली की वेग होतो ०.२३२. एक टक्कासुद्धा फरक नाही. सगळ्यांची बेरीज करून काढलेला आलेख नेहमी निरोगी दिसतो. ज्या गावाची पेटी बंद पडली त्या गावासाठी मात्र शंभर टक्के नुकसान असतं.

माझा नियम कुठे चुकला

सुरुवातीला आमचा अलर्ट असा होता: पाच मिनिटं वेग शून्य असेल तर बोंब मारा. मेसेज दहा मिनिटांनी एक, खिडकी पाच मिनिटांची. म्हणजे प्रत्येक पेटी प्रत्येक दहा मिनिटांतली निम्मी वेळ 'मेलेली' दिसायची. १४० पेट्या आलटून पालटून लाल-हिरव्या होत होत्या. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर इतके अलर्ट आले की सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला.

मग मी जे केलं ते बहुतेक जण करतात. खिडकी वाढवली. सहा तासांची सरासरी घेतली. सहा तासांत ३६ मेसेज यायला हवेत, १८ पेक्षा कमी आले तर अलर्ट. लगेच शांतता झाली. आलेख गुळगुळीत झाला, वरिष्ठ खूश झाले, मलाही वाटलं प्रश्न सुटला.

आता त्या रात्रीचा हिशोब करा. शेवटचा मेसेज नऊ वाजता. त्याआधीच्या सहा तासांतले मेसेज खिडकीत होतेच. बारा वाजता खिडकीत बरोबर १८ मेसेज होते, म्हणजे नियमानुसार अजून 'ठीक'. बारा वाजून दहा मिनिटांनी १७ झाले आणि अलर्ट सुटला. सिस्टीमने मी सांगितलं तेच केलं, अगदी चोख.

खिडकी छोटी ठेवली तर आकडा नाचतो, मोठी केली तर बातमी शिळी होते. पहिल्या रस्त्यावर ह्यातून सुटका नाही. तुमची खिडकी आणि मेसेजचा वेग यांचा गुणाकार दोन-चार येत असेल, तर कितीही हुशारीने ग्राफ काढा, आकड्यात तीसचाळीस टक्के इकडेतिकडे होणारच.

दुसरा रस्ता, पण त्यातही तीन खड्डे

तर अंतर मोजायचं. शेवटचे काही मेसेज कधी आले त्या वेळा साठवून ठेवायच्या आणि त्यावरून वेग काढायचा. सोपं आहे, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिला खड्डा: खांब आणि गाळे. कुंपणाला पाच खांब असतील तर मधले गाळे चार. पाच मेसेज आले तर मधली अंतरं चार. म्हणून वेग काढताना (मेसेजची संख्या उणे एक) भागिले (शेवटच्या आणि पहिल्या मेसेजमधला वेळ) असं करायचं. पुष्कळ ठिकाणी तो 'उणे एक' विसरलेला असतो. सेकंदाला हजार मेसेज असतील तर ही चूक ०.१ टक्का, कुणाला कळतही नाही. पण हळू यंत्राचे दोनच मेसेज हातात असतील तर उत्तर थेट दुप्पट येतं. वेगवान यंत्रांवर टेस्ट केलेला कोड हळू यंत्रांवर चुकतो तो असा. टेस्ट सगळ्या पास, आणि खरा आकडा दुप्पट.

दुसरा खड्डा: एकच मेसेज आलाय. अंतरच नाही, तर वेग किती? उत्तर शून्य नाही. उत्तर 'अजून माहीत नाही' असं आहे. स्क्रीनवर तिथे आडवी रेघ दाखवा, शून्य दाखवू नका. शून्य आणि माहीत नाही ह्यातला फरक पुसला की पुढचं सगळं गणित बिघडतं. रोबोटिक्सच्या आरओएसमध्ये टॉपिकचा वेग मोजायची जी कमांड आहे, तीसुद्धा अंतरं मोजते. त्यामुळे तीस सेकंदांनी एकदा बोलणाऱ्या टॉपिकवर ती लावली की दुसरा मेसेज येईपर्यंत वाट बघण्याशिवाय पर्याय नसतो. कमांड बिघडलेली नाही, तिच्याकडे सांगण्यासारखं अजून काही नाही.

तिसरा खड्डा सगळ्यात मोठा: यंत्र मेलं की आकडा गोठतो. नवीन मेसेज नाही म्हणजे नवीन अंतर नाही. म्हणजे शेवटचा वेग 'तासाला ६' तसाच रात्रभर स्क्रीनवर चमकत राहणार. पहिल्या रस्त्यात निदान शून्य तरी दिसलं असतं!

ह्यावरचा उपाय मला फार आवडतो कारण तो एका ओळीचा आहे. शेवटचा मेसेज येऊन किती वेळ झाला ते बघा. वीस मिनिटं झाली असतील, तर सध्याचा वेग वीस मिनिटांना एक ह्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणून दोन आकडे काढायचे: अंतरांवरून आलेला वेग आणि 'एक भागिले शेवटच्या मेसेजपासूनचा वेळ'. ह्या दोघांतला जो लहान तो दाखवायचा.

सगळं सुरळीत असताना पहिला आकडा लहान असतो, म्हणून रेष स्थिर तासाला ६ वर राहते, नाचत नाही. मेसेज थांबले की दुसरा आकडा लहान होऊ लागतो आणि रेष हळूहळू खाली येते. त्या रात्रीवर हे लावून बघा. नऊला शेवटचा मेसेज. नऊ वीसला वेग तासाला ३, म्हणजे निम्मा. साडेनऊला तासाला २. 'निम्म्याच्या खाली गेला तर अलर्ट' हाच माझा जुना निकष ठेवला असता, तरी नऊ वीसनंतर लगेच फोन वाजला असता. बारा दहा आणि नऊ एकवीस. मधल्या वेळात दूध वाचलं असतं.

ही रेष कधीच पूर्ण शून्यावर जात नाही, फक्त खाली खाली जाते. म्हणून 'मेलं' असं जाहीर करायला वेगळी मर्यादा लागतेच. ती यंत्राच्या स्वतःच्या कालावधीच्या पटीत ठेवायची, सगळ्यांना एकच मिनिटांचा आकडा लावायचा नाही.

प्रोमिथियसमध्ये सध्या काय चाललंय

हा विषय आत्ता काढायचं एक कारण म्हणजे प्रोमिथियसमधले बदल. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आज कुबरनेटीसच्या जगात जवळपास सगळीकडे असतं. त्याची पद्धत अशी की, ते ठराविक वेळाने येऊन तुमचा काउंटर वाचून जातं. कालावधी ठरवला नाही तर मिनिटाला एकदा. मग रेट आणि इन्क्रीज ही फंक्शन्स त्या वाचलेल्या नमुन्यांवरून वेग काढतात.

पाच मिनिटांची खिडकी घेतली की तिच्यात साधारण पाच नमुने पडतात. पाच खांब, चार गाळे! म्हणजे प्रत्यक्षात चारच मिनिटांची माहिती हातात असते. प्रोमिथियस ती ताणून पाच मिनिटांची करतं. म्हणून काउंटर ३७ वरून ३८ झाला तर इन्क्रीज उत्तर देतं १.२५. सव्वा मेसेज! नवीन माणूस हमखास इथे डोकं खाजवतो.

आमच्या पेटीसाठी हिशोब मांडला तर चित्र असं दिसतं: दहातली चार मिनिटं १.२५ आणि सहा मिनिटं शून्य. सरासरी काढा, ०.५ येते, जी पाच मिनिटांसाठी अगदी बरोबर आहे. म्हणजे हे फंक्शन खोटं बोलत नाही. दीर्घकाळात बरोबर असतं, पण कुठल्याही एका क्षणी विचाराल तर चूक असतं. हजारो रिक्वेस्टच्या सर्व्हरला हा सौदा परवडतो. हळू यंत्राला परवडत नाही, कारण तिथे प्रश्नच 'ह्या क्षणी काय' असा असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रोमिथियस ३.० आलं. त्यात खिडकीच्या डाव्या कडेवर बरोबर पडणारा नमुना आता धरत नाहीत. वरवर किरकोळ बदल. पण ज्यांनी एक मिनिटाच्या वाचनावर एक मिनिटाचीच खिडकी लावली होती, त्यांच्या हातात कधीकधी दोन नमुने यायचे, ते आता एकच येतो. एका नमुन्यावर वेग निघत नाही, त्यामुळे आलेख रिकामा. अपग्रेडनंतर तुमचा ग्राफ गायब झाला असेल तर आधी हे तपासा.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३.७ मध्ये 'अँकर्ड' आणि 'स्मूद्ड' असे दोन पर्याय प्रायोगिक स्वरूपात आले. ते फीचर फ्लॅगने मुद्दाम चालू करावे लागतात. अँकर्डमध्ये खिडकीच्या आधीचा शेवटचा नमुनाही हिशोबात घेतात आणि ताणाताणी करत नाहीत. म्हणजे पाच खांबांना मागचा सहावा खांब मिळतो, गाळे पाच होतात आणि उत्तर १.२५ ऐवजी स्वच्छ १ येतं. स्मूद्डमध्ये खिडकीच्या कडांवरची किंमत आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजून घेतात. लोक हे बरीच वर्षं मागत होते. व्हिक्टोरियामेट्रिक्स तर सुरुवातीपासून खिडकीच्या आधीचा नमुना धरतं, आणि लोक तिकडे वळण्याचं ते एक कारण मानलं जातं.

माझं मत विचाराल तर बदल स्वागतार्ह आहे, पण हळू यंत्रांचा प्रश्न त्याने सुटत नाही. अँकर्ड लावल्यावर आमच्या पेटीचा आलेख १.२५ आणि ० ऐवजी १ आणि ० असा नाचेल, निम्मी वेळ हे आणि निम्मी वेळ ते. आकडे पूर्णांक झाले, नाचणं तसंच राहिलं. कारण रस्ता पहिलाच आहे, फक्त खड्डे बुजवलेत.

प्रोमिथियसच्याच मार्गदर्शनात ह्याचा खरा उपाय आधीपासून आहे: 'शेवटचं कधी घडलं' त्याची वेळ मेट्रिक म्हणून ठेवा आणि वाचताना आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. वेग विचारूच नका, वय विचारा. शेवटच्या मेसेजचं वय आठ मिनिटं असेल तर ठीक, पंचवीस झालं तर फोन लावा. ह्यात खिडकी नाही, ताणणं नाही, सरासरी नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. नवीन काउंटर थेट १ पासून जन्माला आला तर त्याआधीचं शून्य प्रोमिथियसने पाहिलेलंच नसतं, त्यामुळे पहिली वाढ हिशोबातून निसटते. महिन्यातून एकदाच घडणाऱ्या घटनेसाठी ती पहिली वाढच सगळं काही असते, म्हणून काउंटर आधी शून्यावर सुरू करून ठेवा. दुसरं, यंत्र स्वतःच दहा मिनिटांनी नमुने ढकलत असेल, तर मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांहून जुना नमुना प्रोमिथियस धरत नाही. आलेखात भोकं दिसतील. यंत्र ठणठणीत असेल, भोकं सेटिंगमुळे असतील.

सगळी हळू यंत्रं सारखी नसतात

आमची पेटी घड्याळाप्रमाणे बोलते. पण काही यंत्रं काहीतरी घडल्यावरच बोलतात. उदाहरण पावसाचं. स्वयंचलित पर्जन्यमापकात सहसा एक छोटी उलटणारी बादली असते. समजा ०.२ मि.मी. पाऊस साचला की ती उलटते आणि एक पल्स जाते. रिमझिम पावसात ती वीस मिनिटांनी एकदा उलटली, तर पाऊस आहे तासाला ०.६ मि.मी. पण सॉफ्टवेअर मिनिटामिनिटाचा वेग काढत असेल तर त्या एका मिनिटात दिसेल तासाला १२ मि.मी., आणि पुढची एकोणीस मिनिटं शून्य. रिमझिम पावसाचा आलेख उभ्या काट्यांसारखा का दिसतो, त्याचं उत्तर हे आहे.

शिवाय घटना यादृच्छिक असतील तर शांततेचा अर्थही बदलतो. सरासरी दहा मिनिटांनी एक घटना घडत असेल, तर अर्धा तास काहीच न घडण्याची शक्यता साधारण पाच टक्के असते. म्हणजे वीसपैकी एखादं अंतर तेवढं मोठं असणं अगदी नॉर्मल. पेटी अर्धा तास गप्प असेल तर ती बिघडलीय, दाराचा सेन्सर गप्प असेल तर कदाचित कुणी दार उघडलंच नाही. म्हणून घटनेवर बोलणाऱ्या यंत्रांना एक वेगळा 'मी जिवंत आहे' असा ठराविक वेळेचा मेसेज द्यावाच लागतो. एमक्यूटीटीमध्ये ह्यासाठी कीप अलाइव्ह असतं. त्या वेळेच्या दीडपट काळ काहीच ऐकू आलं नाही तर ब्रोकर कनेक्शन तोडतो आणि यंत्राने आधीच देऊन ठेवलेला लास्ट विल मेसेज इतरांना पाठवतो. पण ह्यातून कनेक्शन जिवंत आहे एवढंच कळतं. आतला सेन्सर वाचणारा प्रोग्राम अडकलेला असू शकतो.

मोजताना येणाऱ्या मेसेजवरही डोळे झाकून विश्वास नको. ब्रोकरने जपून ठेवलेला रिटेन्ड मेसेज तुम्ही सबस्क्राइब करताच हातात येतो, तो कालचाही असू शकतो. खात्रीच्या पाठवणीत एकच मेसेज दोनदा येऊ शकतो. आणि रेंज गेलेली पेटी रेंज आल्यावर साठलेले सहा मेसेज एकदम ओतते. येण्याची वेळ धरली तर वेग अचानक आकाशाला भिडतो, पेटीची वेळ धरावी तर तिचं घड्याळ भलतंच साल दाखवत असतं. आम्ही शेवटी दोन्ही वेळा साठवल्या: पेटी जिवंत आहे का, हे येण्याच्या वेळेवरून आणि तापमानाचा आलेख पेटीच्या वेळेवरून.

हे फक्त दुधापुरतं नाही

केंद्राच्या आरडीएसएस योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य आहे. महाराष्ट्रात त्यावरून किती वाद चाललाय ते तुम्ही बातम्यांत बघताच. तो वाद बाजूला ठेवला तरी तांत्रिक गोष्ट उरते: हे मीटर साधारण पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यांत नोंदी ठेवतात. लसींच्या शीतसाखळीतले तापमान नोंदवणारे लॉगर, नद्यांवरचे पातळी मोजणारे सेन्सर, शेतातली हवामान केंद्रं, सगळे ह्याच जातीचे. थोडं बोलणारे, पण कामाचं बोलणारे. आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आपण वेबसाइटच्या ट्रॅफिकसाठी बनवलेली टूल्स जशीच्या तशी उचलतो.

अशा ठिकाणी 'एकूण ९९ टक्के यंत्रं चालू' हा आकडा ऐकला की मी आता विचारतो, उरलेली एक टक्का कोणती आणि कधीपासून गप्प आहेत? २५ कोटींचा एक टक्का म्हणजे २५ लाख घरं.

आम्ही शेवटी काय केलं

दूध गेल्यानंतरच्या आठवड्यात मी सगळे नियम पुन्हा लिहिले. प्रत्येक पेटीसमोर तिचा अपेक्षित कालावधी नोंदवला. मुख्य अलर्ट वयावर लावला: शेवटचा मेसेज पंचवीस मिनिटांपेक्षा जुना झाला की आधी केंद्रावर मेसेज, मग फोन. दोन मेसेज हुकले आणि वर पाच मिनिटं नेटवर्कच्या नखऱ्यांसाठी, असा तो आकडा. वेगाचा आलेख ठेवला, पण तासाला इतके अशा एककात आणि वरच्या 'लहान तो दाखवा' नियमाने. ज्या पेटीचा अजून दुसरा मेसेज आलेला नाही तिथे आडवी रेघ. आणि पेट्यांच्या बॅटऱ्या तपासायला माणूस पाठवला, कारण सगळंच सॉफ्टवेअरने सुटत नाही.

त्या कामासाठी मीही त्या केंद्रावर गेलो होतो. सकाळची वेळ, कॅन घेऊन लोक रांगेत उभे. एक आजी चार लिटर दूध घेऊन आल्या होत्या. दादांनी माझी ओळख करून दिली, "हे पेटीवाले साहेब." आजींनी विचारलं, "मग आता कळंल का रं बाळा, लाईट गेल्यावर?" म्हटलं, कळेल आजी, पंचवीस मिनिटांत. त्यांनी मान हलवली आणि कॅन पुढे सरकवला.

तुमच्याकडे असं एखादं हळू यंत्र असेल, तर आज एवढं करून बघा. त्याचा प्लग काढा, घड्याळ लावा आणि तुमच्या डॅशबोर्डला किती वेळाने कळतं ते मोजा. जो आकडा येईल, तोच तुमच्या मॉनिटरिंगचा खरा वेग.